वाफेपलीकडचा धीवर

डिसेंबरातला रविवार होता आणि अकलोलीच्या कुंडांवर उजाडायच्या आधीच माणसं जमली होती. कुणी दुखरे गुडघे सांभाळत पायऱ्या उतरत होतं, कुणी तांब्याने कढत पाणी अंगावर घेत होतं, एखादं पोर पाय बुडवून लगेच वर ओढत होतं. रामेश्वराच्या देवळाजवळच्या या कुंडांवरून वाफ उठते, तानसा नदीच्या गार हवेत मिसळते आणि पात्रावर पांढऱ्या पट्ट्यासारखी अंथरली जाते. त्या पट्ट्याच्या पलीकडे, पाण्यावर वाकलेल्या एका फांदीवर निळा ठिपका बसला होता.

"धीवर," मामा हळूच म्हणाले.

भाचीला डोळ्यांनी नुसता ठिपका दिसत होता. मामांनी कॅमेरा वर उचलला, झूमचा खटका सरकवला आणि काळी नळी पुढे येत येत जवळजवळ वीतभर लांब झाली.

मामा भिवंडी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आता निवृत्त आहेत. त्यांचा कॅमेरा निकॉन कूलपिक्स पी९००, म्हणजे २०१५ साली बाजारात आलेला सुपरझूम. लेन्स बदलायची नाही. एकाच लेन्समध्ये २४ मिलिमीटरपासून २००० मिलिमीटरपर्यंतची नजर, ८३ एक्स. पौर्णिमेचा चंद्र त्यात चौकट भरून येतो. भाची कल्याणला लग्नाचे फोटो काढते. तिच्या गळ्यात मिररलेस कॅमेरा होता आणि त्याला १०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स लावलेली. दोघांचं पटत नाही ते या एकाच गोष्टीवर.

"मामा, रागावू नका, पण या कॅमेऱ्याकडून क्वालिटीची अपेक्षाच चुकीची आहे," भाचीने सुरुवात केली. "तुमचा सेन्सर केवढा आहे? जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार उंच. करंगळीच्या नखाहून लहान. माझा साडेतेवीस बाय साडेपंधरा. क्षेत्रफळ काढलं तर तेरा पट मोठा. तेरा पट कमी जागेवर प्रकाश पडला की ग्रेन येणारच. मग कॅमेरा ते ग्रेन पुसायला जातो आणि पक्ष्याचं पीस मेणासारखं दिसायला लागतं."

"करून बघू," मामा म्हणाले.

दोघांनी कुंडाकडे तोंड केलं. अजून सूर्य आला नव्हता. विजेच्या दिव्याचा पिवळा उजेड, वाफ आणि पायऱ्यांवरची ओली माणसं. भाचीने लेन्स बदलून १६ मिलिमीटरची छोटी लेन्स लावली, मामांनी झूम पूर्ण मागे घेतला. चौकट सारखीच, ॲपर्चरही सारखंच, २.८. दोघांचे फोटो शेजारी शेजारी धरल्यावर वाद उरला नाही. तिच्या फोटोत दगडी पायरीच्या कडा आणि म्हाताऱ्या बाईच्या हातातल्या बांगड्या सुट्या दिसत होत्या. मामांच्या फोटोत त्याच जागी रंगाचा राप होता.

"हे कबूल," मामा म्हणाले. "अंधारात, रुंद चौकटीत माझा कॅमेरा तुझ्यापुढे टिकायचा नाही. पण बाय, मी याला कुंडाचे फोटो काढायला आणलेलं नाही. आता पलीकडे बघ."

त्यांनी खिशातून वही काढली. मास्तरांची सवय, आकडा तोंडी सांगण्यापेक्षा लिहून दाखवायचा. "लेन्सचं तोंड खरं किती मोठं आहे ते मोजायचं असेल तर लेन्सची लांबी ॲपर्चरच्या आकड्याने भागायची. आत्ता कुंडाच्या फोटोत माझी लांबी होती ४.३ मिलिमीटर. भागिले २.८, म्हणजे दीड मिलिमीटरचं तोंड. तुझी १६ भागिले २.८, म्हणजे जवळजवळ पावणेसहा. तोंडाच्या क्षेत्रफळात फरक तेरा-चौदा पटींचा. तू म्हणालीस तेच. आता पूर्ण झूम. ते २००० नुसतं तुलनेसाठी लिहितात. माझ्या लेन्सची खरी लांबी ३५७ मिलिमीटर आणि ॲपर्चर साडेसहा. भागाकार ५५. तुझी ४००, ॲपर्चर ६.३. भागाकार साडेत्रेसष्ट. आता त्या धीवराच्या अंगावरून निघालेला प्रकाश तुझ्या लेन्समध्ये किती जास्त शिरतो?"

भाचीने मोबाइलवर वर्ग करून पाहिले. "एक पूर्णांक तीन पट."

"तेराचं एक पूर्णांक तीन झालं. लोक म्हणतात सुपरझूम पूर्ण ताणू नका, तिथे तो सगळ्यात वाईट. लांब पक्ष्यासाठी मला नेमकं उलटं वाटतं. मोठ्या कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ तो तिथेच पोचतो."

हा हिशेब बरोबर आहे, आणि सेन्सरच्या मापावर थांबणाऱ्या चर्चेत तो सहसा येत नाही. दूरच्या पक्ष्याचा किती प्रकाश आत येणार हे लेन्सच्या तोंडावर ठरतं. सेन्सर फक्त तो प्रकाश मांडून घेतो. तीस मीटरवरचा सतरा सेंटिमीटरचा धीवर मामांच्या चौकटीत साधारण पंधराशे पिक्सेल लांब येतो. भाचीच्या चोवीस मेगापिक्सेलच्या चौकटीत तो सहाशेपर्यंतही जात नाही. तिने तेवढाच भाग कापून मोठा केला की फोटो फाटायला लागतो.

भाची गप्प बसणारी नव्हती. "पिक्सेल पंधराशे आले म्हणून तपशील पंधराशे पिक्सेलचा येत नाही. प्रकाश ही लाट आहे. साडेसहा ॲपर्चरमधून आलेला एक बिंदू सेन्सरवर बिंदू राहत नाही, पावणेनऊ मायक्रॉनचा ठिपका होतो. तुमचा एक पिक्सेल एक पूर्णांक तीन मायक्रॉनचा. म्हणजे एक ठिपका आडव्या साडेसहा पिक्सेलवर पसरला. कॅमेऱ्यात पिक्सेल आहेत, त्यांना द्यायला तपशील नाही."

"म्हणून तर मी ॲपर्चर कधी बंद करत नाही," मामा म्हणाले. "लग्नात तू काय करतेस? फोटो जास्त धारदार हवा म्हणून आठवर नेतेस. तुझ्या सेन्सरवर ते बरोबर आहे. इथे आठवर नेलं की तो ठिपका आणखी मोठा होतो, वर उजेड कमी होतो. या कॅमेऱ्यात लेन्स पूर्ण उघडी ठेवायची, बस्स. आणि डिजिटल झूम बंद. त्यात लेन्स पुढे जात नाही, नुसता फोटो ताणला जातो. तो घरी कॉम्प्युटरवरही ताणता येईल."

एवढं बोलून त्यांनी फांदीवर नेम धरला. कॅमेरा फोकस शोधायला लागला. नळी मागेपुढे होत राहिली, चौकटीत निळा रंग उमटायचा आणि पुन्हा पांढऱ्यात बुडायचा. शेवटी फोकस वाफेवरच अडकला. काढलेल्या दहा फोटोंत एकही कामाचा नव्हता.

"मामा, आपण सेन्सर आणि लेन्सवर भांडतोय," भाची म्हणाली, "आणि मध्ये तीस मीटर हवा आहे, तिला विचारतच नाही."

अकलोलीत हा मुद्दा डोळ्यांना दिसतो. पावसाचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि वर येतं. कोकणपट्टीत पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत असे झरे आहेत. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही तानसेकाठची कुंडं त्याच माळेतली. गरम आणि गार हवेतून प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात वाकतो. दोन्हींची सरमिसळ होत असेल तर त्यातून आलेलं चित्र थरथरतं, जसं उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरची गाडी थरथरते. वाफ दिसते म्हणून तिचा संशय येतो. ती विरल्यावरही हवेची थरथर असतेच, फक्त ती दिसत नाही. झूम जितका लांब, तितकी ती थरथरही मोठी होऊन फोटोत उतरते.

ती दोघं नदीच्या वरच्या अंगाला चाळीसेक पावलं गेली. तिथून फांदी तितकीच दूर होती, पण मध्ये कुंड येत नव्हतं. मामांनी पिशवीतून तांदळाने भरलेली कापडी थैली काढली, काठावरच्या दगडावर ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा बसवला. थैली दबली आणि लेन्सला घट्ट खळगा मिळाला.

"ट्रायपॉड का नाही?" भाचीने विचारलं.

"हलका ट्रायपॉड या झूमला कापतो. शटरचं बटण दाबताना बोटाचा जो धक्का बसतो तो २००० मिलिमीटरला भूकंपासारखा असतो. थैली तो धक्का पिऊन टाकते. तरी दोन सेकंदांचा टायमर लावायचा. पक्षी हलणारा असेल तर सलग सात फोटोंची झड घ्यायची. पहिला हलतो, तिसरा-चौथा बहुतेक स्थिर येतो."

पहिला प्रयोग सूर्य यायच्या आधी झाला. हवा शांत होती, चित्र दगडासारखं स्थिर, पण उजेड नव्हता. आयएसओ ४०० वर बांधून ठेवला तर शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत खाली येत होतं. धीवर बसून असतो, पण मान सतत वरखाली करतो, त्यामुळे डोळा हलला. शटर वाढवायला आयएसओ १६०० केला तर भाची म्हणाली तेच झालं. निळ्या पंखांवरचे फिकट ठिपके एकमेकांत विरघळले.

"आता हा फोटो रॉमध्ये असता," ती हळहळली, "तर मी घरी बसून यातून पुष्कळ काही परत आणलं असतं. ग्रेन कुठे पुसायचे आणि कुठे ठेवायचे हे मी ठरवलं असतं. तुमच्या कॅमेऱ्यात फक्त जेपेग. कॅमेऱ्याने आत जे पुसलं ते कायमचं गेलं."

मामांनी हे मान्य केलं. पी९०० मध्ये रॉ नाही. त्याच कंपनीच्या २०१८च्या पी१००० मध्ये आणि २०२०च्या पी९५० मध्ये ते आलं. "म्हणून जे नंतर करता येत नाही ते आधी करतो. नॉइज कमी करायचं सेटिंग सगळ्यात खाली ठेवतो, धार कमी ठेवतो, रंग साधे ठेवतो. बगळा असेल तर एक्स्पोजर थोडं उणे करतो. पांढरं पीस एकदा जळालं की जेपेगमध्ये तिथे कोरा कागद उरतो."

मग तिने तिचा खरा मुद्दा काढला. "या सगळ्यापेक्षा एक गोष्ट सोपी आहे. जवळ जायचं. तीस मीटरचे बारा केले की हवा निम्म्याहून कमी होते, पक्षी अडीच पट मोठा होतो आणि तुमच्या आयएसओ-शटरची अर्धी चिंता जाते. खाली दगडांवरून उतरता येईल."

"आणि तो उडेल."

"उडाला तर परत येईल. फांदी त्याचीच आहे."

"तू पहाटे जेवायला बसलीस आणि तुला कुणी तीनदा पाटावरून उठवलं तर?" मामांचा आवाज पहिल्यांदा थोडा चढला. "थंडीत त्याची ही शिकारीची वेळ. मी हा कॅमेरा घेतला तोच त्याला उठवावं लागू नये म्हणून. घरट्याजवळ जाऊन फोटो काढणारे, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावणारे, त्यांचे फोटो माझ्याहून चांगलेच येतात. मला तसे नकोत."

भाचीने उत्तर दिलं नाही, पण ती उतरलीही नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग तुमच्या दृष्टीने चांगला फोटो म्हणजे कुठला? मला विचाराल तर जो बारा बाय अठराच्या कागदावर भिंतीला लावता येतो तो. तुमचे सोळा मेगापिक्सेल पंधरा बाय साडेअकरा इंचांपर्यंत धड पोचतात. पुढे मला लाज वाटेल."

मामांनी नदीच्या वरच्या बाजूला, पूर्वेला बोट केलं. "हीच तानसा वर धरणात अडवली आहे. १८९२ पासून तिचं पाणी मुंबई पिते. त्या तलावाभोवतीच्या तानसा अभयारण्यात २०१४ साली रानपिंगळा सापडला. तुला रानपिंगळ्याची गोष्ट माहीत आहे?"

ती गोष्ट प्रत्येक पक्षीमित्राने ऐकावी अशी आहे. रानपिंगळा हे वीतभर उंचीचं घुबड. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच मिळेना. मध्ये एक नमुना होता, १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचं लेबल लावलेला, रिचर्ड माइनर्ट्झहॅगनच्या संग्रहातला. पामेला रासमुसेन या अभ्यासिकेने तो तपासला तेव्हा कळलं की जुनाच नमुना चोरून, पुन्हा भरून, खोटं लेबल लावलेला आहे. ती खोटी नोंद बाजूला काढल्यावर कुठे शोधायचं हे स्पष्ट झालं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ तो जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी.

"आता आपल्या गावातला साधा पिंगळा आणि हा रानपिंगळा यांत फरक काय?" मामांनी शाळेत विचारावं तसं विचारलं आणि उत्तरही दिलं. "साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. छाती गडद तपकिरी, शेपटीवर रुंद पट्टे, पाय जाड पिसांचे. पन्नास मीटरवरून डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत एवढं ज्या फोटोत कळतं, तो माझा चांगला फोटो. तो भिंतीवर लागला नाही तरी चालेल. पण कॅमेऱ्याने ग्रेन पुसताना ठिपकेही पुसले, तर उद्या मी साध्या पिंगळ्याला रानपिंगळा म्हणेन. म्हणून मला क्वालिटी तुझ्याइतकीच हवी आहे. कशासाठी हवी, तेवढंच वेगळं."

भाची काही क्षण वहीतल्या आकड्यांकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्हाला फोटो सुंदर नको, खरा हवा."

"दोन्ही मिळाला तर नाही म्हणणार नाही."

सव्वासातच्या सुमारास ऊन आधी पैलतीरावरच्या झाडांच्या शेंड्यांवर आलं, मग खोडांवरून खाली सरकलं. भाचीने घड्याळ पाहिलं. तिच्या डोक्यात आता हिशेब सुरू झाला होता. उन्हाआधी हवा स्थिर पण अंधार. ऊन चढल्यावर भरपूर उजेड, पण पात्रातले काळे दगड तापणार आणि त्यांच्यावरची हवा थरथरणार. मधला वेळ म्हणजे ऊन फांदीवर पोचल्यापासून दगड तापेपर्यंतचा. "अर्धा तास, फार तर पाऊण," ती म्हणाली. "दिवसभरातला तुमचा कॅमेरा तेवढाच वेळ माझ्या बरोबरीचा."

"मग बोलत काय बसलीस? घे," असं म्हणून मामांनी तिला थैलीमागे बसवलं.

पहिल्यांदा तिला पक्षी सापडेचना. पूर्ण झूमवर चौकट इतकी अरुंद असते की केसभर हलवलं तरी दुसरं झाड येतं. मामांनी तिचं बोट लेन्सच्या बाजूच्या बटणावर ठेवलं. ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, पक्षी मधोमध घ्यायचा, बटण सोडलं की लेन्स पुन्हा होती तिथे जाते. दुसऱ्या खेपेला धीवर चौकटीत आला. फोकसचा चौकोन तिने सगळ्यात लहान केला आणि डोळ्यावर ठेवला; मोठा चौकोन असता तर कॅमेऱ्याने मागची उजळ फांदी धरली असती. आयएसओ २००, शटर अडीचशे. ऊन नुकतंच त्याच्या छातीवर आलं होतं आणि नारिंगी रंग पेटल्यासारखा दिसत होता.

तिने श्वास रोखून सात फोटो घेतले. पुन्हा सात. मधेच पक्ष्याने खाली झेप घेतली, पाण्यावर एक वर्तुळ उमटलं आणि तो चोचीत चंदेरी काहीतरी घेऊन परत त्याच फांदीवर बसला. तिचं बोट दाबलेलंच होतं.

नंतर दोघं स्क्रीनवर डोकं लावून बसली. स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून मामांनी उपरणं दोघांच्या डोक्यावर ओढलं. पहिल्या झडीतले पाच फोटो हलकेच मऊ होते, हवेनेच केलेले. दोन चांगले होते. दुसऱ्या झडीत एक होता, मासा पकडून बसलेला. भाचीने तो मोठा करत नेला. डोक्यावरच्या निळ्या आडव्या रेघा सुट्या मोजता येत होत्या. डोळ्यात नदीकाठचं ऊन चमकत होतं. मग ती चोचीशी थांबली.

"मामा, खालची चोच नारिंगी आहे. वरची काळी."

"मग मादी," मामा म्हणाले. "नराची दोन्ही काळी असते. गेले तीन रविवार मी हिला नर समजून लिहितोय."

त्यांनी वहीत मागची तीन पानं उलटली, प्रत्येक नोंदीवर एक रेघ मारली आणि शेजारी 'मादी' लिहिलं.

नऊच्या पुढे त्यांनी मुद्दाम तीच फांदी, तीच सेटिंग्ज ठेवून पुन्हा फोटो काढला. पक्षी नव्हता, नुसती फांदी. सकाळी सालीवरच्या भेगा दिसत होत्या, तिथे आता पाण्यातून पाहावं तसं हेलकावणारं तपकिरी काहीतरी होतं. भाचीने तोच फोटो स्वतःच्या कॅमेऱ्यातूनही घेतला. तोही तसाच आला, फक्त तिची चौकट रुंद असल्याने कमी जाणवत होतं.

"जानेवारीत पुन्हा येऊ," ती सामान भरताना म्हणाली. "पण मी रात्रीच येऊन त्या खालच्या दगडामागे जाळी लावून बसणार. ती यायच्या आधी. म्हणजे तिला उठवलं असं होणार नाही. बारा मीटरवरून."

मामा तांदळाच्या थैलीची गाठ आवळत होते. "बस. मी इथून काढेन. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवू."

खाली कुंडात गर्दी वाढली होती. वाफ आता दिसत नव्हती. मामांनी लेन्सवरचं दव मऊ फडक्याने टिपलं, टोपी लावली, आणि दोघं चहाच्या टपरीकडे निघाली.